मोजायचं पानी

त्या दिवशी माळावर कोन कोन व्हतं ते आधी सांगते. म्हंजे मागून कुनी म्हनू नये की म्हातारीनं मनानंच रचलं. मी व्हते. माझी सासू व्हती, तिला मी आत्याबाई म्हनायची. माझी लेक व्हती, चौथीतली, इतवार म्हनून घरी. माझी जाऊ व्हती आन् वस्तीतल्या आनखी चार-सहा बाया, समद्या डोईवर घागर घेतलेल्या. पान्याच्या हापिसाचा साहेब व्हता, तरना, काळा चष्मा लावलेला. त्याच्या संगं बोअरच्या गाडीवरची दोन मानसं, आपसात तेलगू बोलनारी. गावातून पोलीस पाटील आला व्हता, गड्याच्या डोईवर खुर्ची देऊन. बस, एवढीच. त्यातली निम्मी आता न्हाईत. नावं मी कुनाचीच घेत न्हाई.

मी दुसरीपतूर शिकले. अक्षर लावून वाचता येतं, लिहायला हात वळत न्हाई. मी बोलून राहिले आन् नात लिहून घेऊन राहिली. तिला म्हनलं, माझं बोलनं नीट करत बसू नको.

आमचं गाव जिल्ह्याच्या पार कडंला. बाजाराला जायचं तर मुखेड, म्हंजे दुसऱ्याच जिल्ह्यात. गाव ओढ्याच्या तिकडं, आमची वस्ती हिकडं, माळाच्या पायथ्याला. गावात पायऱ्यांची मोठी हीर, तिला पानी कायम. आमच्या वस्तीला एक आड, उथळ. पाऊस बरा झाला तर तो होळीपतूर पुरायचा. मग गावच्या हिरीवर जायचं. तिथं आमी पायरी उतरायची न्हाई. वर उन्हात थांबायचं, कुनाला दया आली तर वरून वतायची. कायदा व्हता म्हन तवा. पर कायद्याला घागर उचलता येत न्हाई.

त्या साली पावसाळ्यात नवा जिल्हा झाला. लातूर. गावात गुलाल उधळला, पेढे वाटले. जिल्हा जवळ आला म्हनले. पाऊस मात्र आला न्हाई. मागल्या सालीबी असाच गेला व्हता. दसऱ्यालाच आडात गाळ दिसायला लागला. मालक ऊसतोडीला गेले, ते उन्हाळ्याच्या शेवटीच येनार. घरात मी, आत्याबाई, लेक आन् एक म्हैस.

लेकीचं सांगते, कारन माझा समदा जीव त्यातच अडकला व्हता. पोरगी हुशार. मास्तर मुद्दाम वस्तीवर येऊन सांगून गेले व्हते, "बाई, हिला चौथीची परीक्षा चुकवू नका. पास झाली की पाचवीला माझ्या वळखीनं घालतो." मालक म्हनले व्हते, पास झाली तर बघू, न्हाई झाली तर घरी बसंल. म्हंजे पोरीला एकच संधी. आन् आड आटला की झिऱ्यावर पानी आनायला माझ्याशिवाय दुसरं मानूस तीच. ओढ्याच्या वाळूत खड्डा करायचा, पानी झिरपायची वाट बघायची, वाटीनं घागर भरायची. त्यात सकाळ जाती. शाळाबी सकाळचीच. वस्तीला टँकर आला तर पोर शाळंत, न्हाई आला तर झिऱ्यावर. माझा हिशेब एवढाच व्हता.

दिवाळी झाली आन् बोअरची गाडी माळावर आली, अजून जुन्याच जिल्ह्याच्या हापिसाची. आमाला वाटलं, नशीब उघडलं. गाडी धडधडायला लागली, पांढरा धुरळा उडाला, मग काळा चिखल आला, मग पानी आलं. बाया नाचल्या. माझी जाऊ तर चिखलातच बसली.

जावंनं इचारलं, "साहेब, हापसा कवा बसनार?"

साहेब म्हनला, "इथं हापसा बसणार नाही. इथं यंत्र बसणार."

"ते पानी काढतं का?"

"काढत नाही. मोजतं."

"मोजून काय करायचं? आमाला मोजल्याबिगरच ठावं हाय. न्हाई म्हंजे न्हाई."

समद्या हसल्या. साहेबबी हसला. मानूस वाईट नव्हता. त्यानं बैजवार सांगितलं की ह्या बोअरमधून कुनी पानी उपसायचं न्हाई, उपसलं की माप चुकतं. पानी खाली जाईल तशी कागदावरची रेघ खाली जाईल. "रेघ खाली आली की वर कळेल, आणि टँकर येईल. मावशी, तुम्हाला कुणापुढे हात जोडायला नकोत. यंत्रच तुमच्यासाठी बोलेल."

हे शब्द मी इसरले न्हाई. कुनीतरी आमच्यासाठी बोलनार, मग ते यंत्र का असंना.

म्हनून तर आमी राबलो. बोअरभवती सिमिटाचा वटा करायचा व्हता, त्याच्यावर लोखंडी पेटी. वाळू आमी आनली, खडी आमी फोडली. सिमिट कालवायला पानी लागतं, तेबी आमीच आनलं, आमच्याच आडातलं, तळाचं, गढूळ. गावच्या हिरीचं आना म्हनलं तर पाटील खुर्चीवरून म्हनला, "यंत्र तुमच्या अंगाला बसतंय, पानी तुमचं." आन् वटा झाला तरी भागंना. त्याच्यावर गोनपाट टाकून रोज पानी शिंपायचं, न्हाईतर चिरा पडतात म्हनले. म्हशीला अर्धी बादली आन् वट्याला भरून घागर. वस्तीतल्या शेळ्या जाऊन तो वटा चाटत बसायच्या.

वटा वाळला आन् इतवारी साहेब त्या बोअरच्या गाडीतूनच यंत्र घेऊन आला. तोच तो दिवस. पेटीत एक पितळी नळकांडं, त्याला कागद गुंडाळलेला. आत घड्याळ, चावी दिली की नळकांडं हळूहळू फिरतं. कागदाला टेकलेली एक सुई, शाई भरलेली. सुईची तार एका चाकावरून खाली बोअरच्या पायपात गेलेली. तारंला तांब्याएवढा पोकळ डबा, तो पान्यावर तरंगतो. हे मी आता सांगते ते मला मागून कळलं. तवा आमाला पेटीजवळ येऊ दिलं न्हाई. "लांब व्हा, लांब व्हा, नाजूक आहे." आमी लांब झालो. लांब व्हायची सवय व्हतीच.

दुपारी साहेब पाटलाकडं जेवायला गेला. गाडीवरची मानसं गाडीखाली सावलीला आडवी झाली. पेटी तशीच उघडी. तवा आत्याबाई पदराखालून गाठोडं काढत वट्यावर चढल्या. हिरवा खन, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. कवा जमवलं व्हतं कुनास ठावं.

मी म्हनलं, "आत्याबाई, हे काय? आपुन सोडलं ना हे समदं?"

आमच्या वस्तीनं धम्म घेतला तवा देव्हाऱ्यातले टाक आत्याबाईनं सोताच्या हातानं ओढ्यात सोडले व्हते. म्हनून मी इचारलं.

"देव सोडले," त्या म्हनल्या. "पानी थोडंच सोडलं? उभ्या जन्मात गावच्या हिरीची वटी भरताना लांबून बघितलं. आज पानी आपल्या दारात आलंय. सासुरवाशीनच हाय ती. वटी भरल्याबिगर नांदंल व्हय?"

जाऊ म्हनली, "भरा आत्याबाई, झटक्यात भरा. चष्मा यायच्या आत."

आत्याबाईनं खनाला गाठ मारली, तारंच्या कडंनं गाठोडं पायपात सोडलं. खाली डुबुक वाजलं. तार हलली, सुई थरथरली. आत्याबाईनं हात जोडले. म्हातारीच्या तोंडावर एवढं सुख मी तिच्या लेकाच्या लग्नातबी बघितलं नव्हतं, आन् ते लग्न माझ्यासंगंच झालं व्हतं. त्यात काही वावगं हाय असं आमच्यापैकी कुनाच्याच मनात आलं न्हाई. नव्या पान्याची वटी समदेच भरतात.

साहेब जेवून आला, सुई बघितली, पेटीला कुलूप लावलं आन् गेला.

पुढं पौष लागला तसा आड आटला. पोरगी सकाळी झिऱ्यावर जायला लागली. पैल्यांदा एक दिवसाआड शाळा बुडायची, मग रोज. मी म्हनायची, "आजच्या दिवस चल माय, आता टँकर येतोच हाय." पोरगी पुस्तक झिऱ्यावर घेऊन जायची. वाटीनं पानी भरायचं, वाटी भरंपतूर एक वळ वाचायची. पुस्तक वलं झालं, पानं चिकटली.

यंत्राचा कागद बदलायला एक जन सायकलवर यायचा. देगलूरकडचा, बोलताना मदीच कानडी शब्द घालायचा. पेटी उघडायचा, कागद काढायचा, नवा लावायचा, घड्याळाला चावी द्यायचा आन् कुलूप. मी एकदा आडवीच झाले.

"बाबा, रेघ खाली आली का?"

त्यानं कागद दावला. रेघ सरळ. पटरी धरून मारल्यावानी.

"सरळ आहे की अक्का. म्हंजे पाणी हाय तितकंच हाय. खुशाल राहा."

"पानी हाय तर मंग काढून दे की. आमची मानसं झिऱ्यावर मरून राहिली."

"तसं न्हाई व्हत. ते प्यायचं पाणी न्हाई, मोजायचं पाणी हाय."

"मोजायचं पानी कुठं येगळं असतंय का रे?"

"माझ्याकडं कागद बदलायचं काम हाय अक्का. पाण्याचं काम दुसऱ्याकडं."

दुसरा कोन, ते त्यालाबी ठावं नव्हतं. 

शिमग्यानंतर गावच्या हिरीवरबी वाढनारं मानूस मिळंना. त्यांचं त्यांना पुरंना. मी तालुक्याला गेले. कचेरीत एका मानसापुढं उभी राहिले, जेवायची सुट्टी झाली, सुट्टी सरली, तवा त्यानं वर बघितलं.

"तुमच्या गावाला टँकर नाही. तुमच्याकडं पाण्याची पातळी स्थिर आहे."

"साहेब, आडात बेडूक मेलेत. चला, दावते."

"बाई, आड तुमचा. यंत्र सरकारचं. सरकार यंत्राचं ऐकणार."

"मंग ते यंत्रच उघडून बघा ना."

"ते आमचं नाही. जुन्या जिल्ह्याच्या हापिसानं बसवलंय. आणि तुमचं गाव आता नव्या जिल्ह्यात. लातूरला जा."

मी लातूरला गेले. एष्टीत कोंबड्यावानी कोंबून. नव्या जिल्ह्याचं पान्याचं हापिस एका भाड्याच्या घरात व्हतं. कपाटं सुतळीनं बांधलेली तशीच अंगनात उभी, टेबलावर टेबल उलटं घातलेलं. तिथला मानूस म्हनला, आमच्या यादीत असं यंत्रच नाही. जुन्या जिल्ह्यानं ते अजून आमच्याकडं दिलेलं नाही. मी म्हनलं, मंग जुन्या जिल्ह्याला सांगा. तो म्हनला, गाव आमचं असल्यावर त्यांना कसं सांगणार?

बघा म्हंजे. यंत्र एकाचं, गाव दुसऱ्याचं, टँकर तिसऱ्याचा. कुनाचंच नसलेलं यंत्र मात्र नेमानं सांगत व्हतं की आमाला पानी हाय, आन् ते समदे ऐकत व्हते. मी जिती-जागती समोर उभी, माझं कुनी ऐकंना.

घरी आले तर पोरगी उंबऱ्यावर बसलेली. "आई, मास्तर आल्ते. परीक्षा जवळ आलीय. किती दिवस येनार न्हाई म्हनून इचारत व्हते."

"तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, आई लातूरला गेलीय टँकर आनायला. टँकर आला की येते."

मी दुसऱ्यांदा लातूरला गेले. ह्या खेपेला भाकर बांधून. हापिसाच्या पायरीवरच बसले. शिपाई म्हनला, "बाई, उठा, वाट अडती."

"वाट कुनाची अडती? हितं कामाला कोन येऊन राहिलंय?"

त्यालाबी हसू आलं. त्यानं मला पानी आनून दिलं, माठातलं, गार. मी अर्धंच पिले. पोर तिकडं वाटीनं वाळूतलं भरत व्हती.

सांजच्याला एक जन बाहेर आला. काळा चष्मा. मी उठूनच उभी राहिले. त्याची बदली नव्या जिल्ह्यात झाली व्हती. मला बघून थांबला.

"मावशी, तुम्ही त्या माळावरच्या ना? टँकर येतो का नीट?"

मी काय बोलले ते आता आठवत न्हाई. लई बोलले. शिपाई बघत राहिला. साहेब म्हनला, "रेघ सरळ कशी असेल? आजूबाजूला सगळीकडं पाणी उतरलंय." आन् मग हळूच, "मी येतो."

यायला त्याला उशीरच झाला. जीप मिळंना, चावी त्या सायकलवाल्याकडं, सायकलवाला सुट्टीवर. तवर परीक्षा सुरू झाली. पैल्या पेपरला मी पोरीला म्हनलं, जा, आज पानी राहू दे. ती निघाली आन् आत्याबाईला उलट्या सुरू झाल्या, झिऱ्याचं पानी बाधलं. घरात घोटभर पानी न्हाई. मी म्हातारीला धरून बसलेली. पोरगी दारातून मागं फिरली. कुनी सांगितलं न्हाई तिला. पाटी-पुस्तक खुंटीला आडकवलं आन् घागर उचलली. पुढचे पेपरबी असेच गेले.

त्यानंतर साहेब आला. पाटील आला, कागदवाला आला, वस्ती जमली. आत्याबाईबी काठी टेकत आल्या, अजून थरथरत व्हत्या. पेटी उघडली. साहेबानं तार वर वढली, डबा हलंना. गावातून गळ आनला, हिरीत पडलेली बादली काढायचा असतो तो. गळ सोडून दोघांनी वढलं तवा डब्यासंगं वर आला हिरवा खन. कुजलेला, शेवाळलेला, गाठ तशीच. आत नारळ. पायपाच्या सांध्यात गाठोडं अडकलेलं आन् डबा त्याच्यातच रुतून खुशाल बसलेला. पानी खाली गेलं तरी डबा तिथंच, सुई तिथंच.

कागदवाला हसला. पाटील तर पोट धरून हसला, "बायांनी यंत्राचंच डोहाळजेवन केलं की हो साहेब!"

मी आत्याबाईकडं बघितलं. त्यांनी खन वळखला व्हता. त्यांनी फक्त एवढंच इचारलं, "खाली पानी हाय का पर?"

साहेबानं फीत सोडली. फीत जात राहिली, जात राहिली. मग थांबली. वर आली तर कोरडी.

"नाही आजी."

म्हातारी खाली बसली. "नांदली न्हाई म्हना," म्हनली.

साहेब माझ्याकडं वळला. "मावशी, आत असं काही टाकायचं नसतं. निदान सांगायचं तरी."

तवा माझं डोकं फिरलं. मी म्हनलं, "साहेब, तुमी सांगितलं व्हतं का आत काय हाय ते? वटा आमी बांधला, पानी आमी पाजलं, आन् पेटी उघडली की लांब व्हा. बोअर म्हंजे आमाला हीर. हिरीला वटी भरतात. डबा हाय, तार हाय, अडकतं, हे आमाला कुनी म्हनलं? एक शब्द सांगितला असता तर ह्या म्हातारीनं वटी वट्यावर ठेवली असती."

तो चष्मा काढून पुसत राहिला. पाटलाचं हसनं थांबलं व्हतं.

टँकर आला. पाडव्याला न्हाई, अक्षयतृतीयेच्या सुमाराला. वस्तीवर आला, हे खरं. कुनापुढं हात जोडले न्हाईत, हेबी खरं. बाया पळाल्या, लेकरं पळाली, घागरीवर घागर आदळली. पोरगी माझ्या म्होरं पळाली. पैली घागर तिनंच भरली. भरून आनली, आन् घरात ठेवून मला म्हनली, "आई, आता उद्या जाऊ का शाळंत?"

शाळंला सुट्ट्या लागल्या व्हत्या.

जूनमदी मास्तर म्हनले, चौथीतच बसवतो पुन्हा. मालक म्हनले, सांगितलं व्हतं मी. मी भांडले, पाठवली. पोर उंच झाली व्हती, बारक्या पोरांत मागं बसायची. पोरं तिला टँकरवाली म्हनायची. थोडे दिवस गेली आन् एक दिवस गेलीच न्हाई. मी मारलंबी. मारून मानूस शाळंत जातं, शिकत न्हाई. मग तिचं लग्न केलं, हिमायतनगरकडं दिली. सुखात हाय. एष्टीवरची पाटी वाचती, दवाखान्याचा कागद वाचती, थांबत थांबत. तिनं मला कवाच बोल लावला न्हाई, आज्जीलाबी न्हाई. मलाच अजून राग येतो. कुनावर येतो, तेच कळत न्हाई. आत्याबाईवर येत न्हाई. साहेबावर धरावा तर तो आला तरी. कागदवाल्याचं काम कागदाचं. मग राग आपला घरातच फिरत राहतो, भांडी आदळत.

आता गावोगाव असली यंत्रं बसतात. आमच्या वस्तीवरच पाऊस मोजायचं एक बसलंय, जाळीत, चकाकनारं. परवा त्याच्या तारंवर सुनंनं, लेकीमागून झालेल्या पोराच्या बायकोनं, गोधडी वाळत घातली. मी वरडले. ती म्हनली, "आत्या, मला काय ठावं? कुनी सांगितलं का?"

हे जो कोनी वाचंल, त्याला माझं एवढंच मागनं. तुमी किंवा तुमच्या घरचं कुनी असल्या कामाला जात असंल, तर यंत्र बसवून झाल्यावर लगेच गाडीत बसू नका. शेजारच्या बायांना जवळ बोलवा. झाकन उघडून आत दावा. ते काय करतं, कशानं बिघडतं आन् बिघडलं तर कुनाला सांगायचं, ते त्यांच्या बोलीत सांगा. आन् त्या काही इचारतील, तर उत्तर देऊन मगच निघा.